ठकू वैदिणीचा वाफा

फार फार वर्षांपूर्वी, घाटाला अजून वाट फुटली नव्हती आणि माणसं ओढ्याच्या पात्रातून दगडांवर पाय देत वर चढायची, तेव्हाची ही गोष्ट. रानाईच्या डोंगराच्या कुशीत घोणशेत नावाचं गाव होतं. गाव आजही आहे. त्या गावात ठकू नावाची वैदीण राहायची.

वैदीण म्हणजे कोण, तर गावात कुणाला ताप भरला, कुणाच्या पायात काटा मोडला, कुणी बाळंतीण अडली, की जिच्या दारात पहिली हाक जायची ती बाई. ठकूनं ही विद्या सासूकडून घेतली होती. सासूला पाच लेक होते, पण विद्या तिनं सुनेला दिली. ती म्हणायची, "माझ्या पोरांना नाकं आहेत ती शेंबडापुरती. सुनेच्या नाकाला जाग आहे." आणि ते खरंच होतं. असं म्हणतात, की पावसानं भिजलेल्या रानातून ठकू डोळे मिटून चालायची आणि कुठल्या झुडपाखाली कुठलं मूळ दडलंय ते नुसत्या वासावरून सांगायची. मुंग्यासुद्धा वारूळ करण्याआधी तिच्या पायांकडे बघायच्या, असंही म्हणतात. ते किती खरं मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्या डोंगरावर शतावरी उदंड होती. शतावरीची वेल तुम्ही पाहिली असेल. सुईसारखी बारीक हिरवी पानं, वाकडे काटे, आणि पाऊस ओसरला की वेलभर इवली पांढरी फुलं. ती फुलली की डोंगराला गोड वास सुटायचा. पण तिचा खरा गुण जमिनीखाली. वेल उपटली की खाली पांढऱ्या, बोटांएवढ्या मुळ्यांचा झुपका निघतो. बाळंतिणीला दूध येईना झालं, की ठकू डोंगरावर जायची, मुळ्या आणायची, सोलून ठेचून गुळाच्या पाण्यात उकळायची आणि पाजायची. घोणशेतातल्या किती तरी लेकरांनी त्या मुळ्यांच्या जोरावर बाळसं धरलं होतं.

मग एका वर्षी घाटाखालून एक व्यापारी त्याच ओढ्याच्या वाटेनं बैल घेऊन वर आला. बैलांच्या पाठीवर मीठ होतं, कापड होतं, सुया होत्या. त्यानं विचारलं, "तुमच्या डोंगरात शतावर हाय म्हणं?" लोक म्हणाले, हाय की. तो म्हणाला, "मग आना. जितकी आनाल तितकं मीठ."

माणसं वाईट नव्हती. मीठ आणायला घाट उतरून जायचं तर वाटेत नदी, नदीला पूर. इथं मीठ दारात आलं होतं. लोक पहारी घेऊन डोंगरावर गेले. पहिल्या वर्षी जवळच्या वेली निघाल्या, मग लांबच्या, मग कड्यावरच्या. व्यापारी दरसाल येत राहिला. डोंगरावर जिकडेतिकडे खड्डे झाले. आणि एका वर्षी पाऊस ओसरला तरी डोंगराला वास सुटला नाही. ठकू अंगणात उभी राहून वाऱ्याकडे तोंड करून बघत राहिली. तिचा नवरा लुमा ओसरीवर दोर वळत होता. त्यानं विचारलं, "काय हुंगतीस?"

"काय न्हाई," ठकू म्हणाली. "तेच तर."

त्याच हिवाळ्यात चांगुणा बाळंत झाली. चांगुणा म्हणजे सटवा धादवडाची नवी सून, पहिलटकरीण, वय कोवळं. मुलगी झाली, चांगली झाली, पण आईला दूध येईना. गावात दुसरी ओली बाळंतीण नव्हती, आणि त्या वर्षी लाळीच्या रोगानं गावातल्या शेळ्या नि गाई मरून गेल्या होत्या. ठकू पहाटे टोपली घेऊन निघाली. रानाईचा डोंगर पालथा घातला, पलीकडचा घातला, त्याच्याही पलीकडच्या दरीत उतरली. जिथं जिथं वेल असायची तिथं तिथं खड्डा होता. खड्ड्यात पाणी, पाण्यात बेडूक. एक मूळ मिळालं नाही.

ती परत आली तेव्हा चांगुणा दारातच बसून होती. तिनं आधी टोपलीत पाहिलं आणि मग ठकूच्या तोंडाकडे. बाळाला पेज भरवली, पाणी पाजलं, हातात होतं ते सगळं केलं. पण ती मुलगी काही जगली नाही.

माती देऊन लोक परतले, तेव्हा चांगुणा ठकूला एवढंच म्हणाली, "मावशी, तुमची टोपली रिकामी आली व्हती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण ते वाक्य ठकूच्या अंगात काट्यासारखं मोडून बसलं. ज्या बाईनं गावाचे काटे काढले, तिचा हा काटा कुणी काढायचा?

दुसऱ्या दिवशी ती पारावर गेली. तेव्हा बायका पारावर चढत नसत. ठकू चढली. म्हणाली, "डोंगर खनायचा थांबवा."

गडीमाणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, "मंग मीठ कुठनं आनायचं, वैदीणबाई? आळणी खायचं का?"

"मीठ घ्या की. पण शतावर शेतातली काढा, डोंगरातली न्हाई. मी शेतात लावती."

यावर सगळे हसले. एकच माणूस हसला नाही, तो धाऊ भगत. गावातल्या रानाईदेवीच्या ठाण्याची पूजा त्याच्याकडे होती. त्याचे केस पांढरे, बोलणं कमी, आणि देवीचं कधी खोटं सांगितलं नाही अशी त्याची ख्याती. तो म्हणाला, "पोरी, रानाईनं जे रानात पेरलं ते बांधात येत न्हाई. आमच्या आज्याच्या आज्यानं लावून बघितली व्हती. आली न्हाई. आन् आली तरी गुण यायचा न्हाई. रानाचं पानी, रानाची सावली, तिची माया. तुझ्या वाफ्यात ती कुठनं येनार?"

ठकू म्हणाली, "भगतबाबा, तुम्ही म्हनता तसं असंलही. पण बघितल्याबिगर मी मानायची न्हाई."

घरी येऊन तिनं लुमाला सांगितलं, की नाचणीचं वरचं शेत मला दे. ते शेत म्हणजे दोघांचं अर्ध्या वर्षाचं पोट. लुमानं वळलेला दोर बाजूला ठेवला, डोकं खाजवलं, आणि विचारलं, "आन् खायाचं काय?"

"कंदमुळं. कोरडा भात. कायबी."

"बरं," लुमा म्हणाला आणि कुदळ शोधायला उठला. लुमा असाच होता. असं म्हणतात, की साऱ्या आयुष्यात त्यानं बायकोला 'नको' म्हटलं ते एकदाच, आणि तेही ती तापात असताना उठून चालायला लागली तेव्हा.

आता शतावरीची फळं म्हणजे वाटाण्याएवढ्या लाल गोळ्या. ठाण्यामागच्या एका जुन्या वेलीला कुणी हात लावला नव्हता, कारण ती देवीची; तिला पहार लावायचं चांगुणाच्या लेकरासाठीही कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिच्या खाली पडलेली फळं ठकूनं भगताला विचारून वेचली आणि पाऊस लागायच्या आधी शेतात पेरली. पाऊस पडला. शेतात गवत आलं, तण आलं, सराटे आले. शतावरी आली नाही. लोक येता-जाता बांधावर थांबायचे आणि म्हणायचे, "वैदीणबाई, गवताला चांगला गुण आलाय हो!"

पुढच्या वर्षी तिनं बी नाही लावलं. जिथं आजवर कुणी पोचलं नव्हतं अशा लांबच्या एका कड्यावर दोराला लोंबकळून लुमानं मुळ्यांसकट वेली आणल्या, त्या लावल्या. आषाढात शेतात पाणी साचलं आणि सगळ्या वेली कुजल्या. ठकूनं एक वेल उपटून नाकाशी धरली. कुजका, आंबूस वास. ती बांधावर बसली. लुमा शेजारी बसला. दोघं पावसात भिजत बसून राहिली, आणि असं म्हणतात, की त्या दिवशी तिच्या डोळ्यांतलं पाणी जिथं पडलं तिथं आजही झरा आहे. झरा आहे हे मी स्वतः पाहिलंय. बाकीचं जुनी माणसं सांगतात.

पण रडून झाल्यावर तिनं जे केलं, ते त्याच्या आधी त्या मुलखात कुणी केलं नव्हतं. तिनं एकसलग शेत मोडलं. लुमाच्या हातून दगडांचे छोटे छोटे बांध घालून घेतले आणि शेताचे वाफे वाफे पाडले. लुमानं विचारलं, "एवढे कशाला?"

ती म्हणाली, "दर साली मी दहा गोष्टी बदलती, आन् मंग कशानं बिघडलं ते कळत न्हाई. आता एका वाफ्यात एकच गोष्ट बदलायची. ह्यात सावली. ह्यात राख. ह्यात वाळू. हा उंच. हा खोल. बाकी समदं सारखं. मंग वेल सांगंल, तिला काय हवं ते."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर दुसरं इचारायचं."

लोकांना वाटलं, चांगुणाच्या पोरीचं वाईट झालं ते बाईच्या डोक्यात गेलं. एका वाफ्याला ती ऊन द्यायची, शेजारच्यावर पळसाच्या पानांची सावली धरायची. एकाला पाणी घालायची, एकाला नाही. सकाळी उठून प्रत्येक वाफ्यापाशी वाकायची, माती चिमटीत धरून हुंगायची आणि पुढच्या वाफ्याकडे जायची. कुजण्याचा उलगडा त्याच वर्षी झाला. कड्यावरून आणलेल्या नव्या वेली उंच वाफ्यात, उतारावर, वाळू मिसळलेल्या मातीत जगल्या. खोल वाफ्यातल्या गेल्या. "पाय ओले चालत न्हाईत हिला," ठकू म्हणाली. "आपल्यासारखीच हाय."

पण कड्यावरच्या वेली मोजक्याच. त्यांच्यावर डोंगर भरायचा नाही. बी उगवायला हवं, आणि बी उगवत नव्हतं. तिनं ते उन्हात वाळवून पाहिलं, राखेत घोळून पाहिलं, चुलीच्या उबेला ठेवून पाहिलं. वर्षामागून वर्षं गेली. चांगुणा आता शेतात येऊन ठकूला हातभार लावायची, वाफे निंदायची. गेलेल्या मुलीबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

मग एका पावसाळ्यात ठकू करवंदीच्या जाळीखाली पडलेलं सरपण गोळा करत होती, आणि तिला तिथं हिरवी कोवळी सुई दिसली. तिनं काटे बाजूला केले. आणखी एक सुई. आणखी. शतावरीची रोपं! जाळीखाली कुणी पेरली? ती तिथंच बसली. वर फांदीवर बुलबुलांची जोडी आली, शेपट्या हलवून गेली, आणि जाताना एक पांढरा ठिपका टाकून गेली. ठकूनं तो ठिपका काडीनं उकलला. आत कुठल्याशा रानफळाचं काळं, तुळतुळीत, गर नसलेलं बी होतं.

कुणी सांगतं, की त्या बुलबुलानं तिच्या तळहातावर येऊन बी ठेवलं आणि तिच्याशी माणसाच्या भाषेत बोलला. कुणी सांगतं, की तो बुलबुल नव्हताच, रानाई होती. मला विचाराल तर ती बाई इतकी वर्षं बघत बसली होती, की पाखराला बोलायची गरजच पडली नसावी.

ती धावत घरी आली. "अवो," तिनं लुमाला हाक मारली, "फळ पेरायचंच न्हाई! पाखरू फळाचा गर खातं. बियाचं कवच त्याच्या पोटात नरम पडतं. मंग ते उगवतं!"

लुमानं विचार केला. "आता इतकी पाखरं कुठं पाळू?"

"पाखरू कशाला? आपन पाखराचं पोट करू."

म्हणजे काय केलं, तर हिवाळ्यात फळं पिकल्यावर ती चोळून गर काढला. बी धुतलं. आणि पुन्हा वाफे. एकातलं बी तसंच कोरडं. एकातलं ओढ्याच्या पाण्यात भिजवलेलं. एकातलं शेणाच्या कोमट पाण्यात मुरवलेलं. पाऊस लागला, आणि शेणपाण्याच्या वाफ्यातली माती पहिल्यांदा तडकली. मग भिजवलेल्याची. कोरड्या वाफ्यात तुरळक. असं म्हणतात, की त्या सकाळी ठकू वाफ्यापाशी आडवी पडून मातीला कान लावून होती आणि रोप वर येतानाचा आवाज तिनं ऐकला. बाजरीचा दाणा तव्यावर फुटावा तसा.

दुसऱ्या वर्षी वेली कमरेएवढ्या झाल्या. व्यापारी आला, त्यानं त्या पाहिल्या, आणि मिठाच्या गोणी अंगणात उतरवायला लागला. गावकरीही आले. "काढा आता, वैदीणबाई. पिकली की."

ठकूनं एक वेल हलक्या हातानं उकरून दाखवली. मुळ्या सुतळीएवढ्या होत्या. "अजून बारीक हायेत. आता काढली तर पुन्हा मोकळा वाफा आन् मोकळा डोंगर. गोणी उचला." गाव रुसलं. त्या वर्षी तिच्या अंगणात हळदीकुंकवालाही कुणी आलं नाही, एक चांगुणा सोडून.

आणि मग उन्हाळ्यात वणवा लागला.

कशानं लागला ते कुणी सांगत नाही. पलीकडच्या डोंगरावरून आग गवतातून पळत आली. रानाईचा डोंगर पेटला. गाव भांडीकुंडी घेऊन ओढ्यात उतरलं. ठकू आणि लुमा तेवढे वर गेले. दोघांनी शेताभोवतीचं वाळलं गवत कापलं, चर खणला, ओल्या फांद्यांनी ठिणग्या झोडपल्या. धुरात एकमेकांना दिसेनात, तेव्हा लुमा दर थोड्या वेळानं "ठके!" म्हणून हाक मारायचा आणि ती "हाय!" म्हणायची. ओढ्यात उभ्या राहिलेल्या गावाला तेवढंच ऐकू येत होतं. ठके. हाय. ठके. हाय. मग गावातल्या बायका हंडे भरून वर चढायला लागल्या. सगळ्यांच्या पुढं चांगुणा, आणि तिच्यामागं, सत्तरी गाठलेला धाऊ भगत, हातात ओलं घोंगडं घेऊन.

असं म्हणतात, की आग ठकूच्या बांधापाशी आली, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि पाळलेल्या कुत्र्यासारखी चराच्या काठाशी बसून राहिली. मग तिथंच विझली.

डोंगर काळा ठिक्कर पडला. पण पाऊस पडल्यावर वाफ्यांतल्या वेली पहिल्यापेक्षा जोमानं वर आल्या, आणि कार्तिकात फुलल्या. किती तरी वर्षांनी घोणशेतात तो गोड वास सुटला. म्हातारी माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली.

धाऊ भगत वाफ्यापाशी आला. वेलीवरून हात फिरवला. म्हणाला, "आली. मी म्हनलो व्हतो येनार न्हाई, पण आली. आता गुणाचं काय? पोरी, मी तुझं वाईट चिंतीत न्हाई. पण उद्या एखादी बाळंतीण तुझ्या भरवशावर बसली आन् हिच्यात गुण नसला, तर?"

ठकूला राग यावा, पण आला नाही. कारण हाच प्रश्न तिला रोज खात होता. ती म्हणाली, "बाबा, मलाबी ठावं न्हाई. चला, दोघं मिळून बघू. ठाण्यामागच्या वेलीची मुळं द्याल?"

देवीच्या वेलीला आजवर पहार लागली नव्हती. भगत ठाण्यात गेला, दगडाला तांदूळ लावून कौल लावला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "रानाई देते म्हनली. पण वेल मरता कामा न्हाई."

वेल न मारता मूळ काढायचं कसं? आजवर मूळ काढणं म्हणजे वेल उपटणंच होतं. ठकूनं खूप वेळ त्या वेलीभोवती फेऱ्या मारल्या. मग गुडघ्यांवर बसून एकाच बाजूची माती हातानं मोकळी केली, त्या बाजूच्या जाड मुळ्या कापून घेतल्या, दुसऱ्या बाजूला हातही लावला नाही, आणि माती पुन्हा लोटून पाणी घातलं. भगत रोज वेलीला बघायला जायचा. वेल जराशी मरगळली आणि पुन्हा उभी राहिली. भगतानं अंगठ्यानं ठकूच्या कपाळाला भंडारा लावला. एवढ्या वर्षांत त्या दोघांना हे कधी सुचलं नव्हतं, आणि दोघांपैकी एकट्याला कधी सुचलंही नसतं.

गावात पुन्हा शेळ्या झाल्या होत्या. ठकूनं एकाच सुमारास व्यालेल्या तीन शेळ्या मागितल्या. एकीला चाऱ्याबरोबर देवीच्या वेलीची मुळी. एकीला वाफ्यातली मुळी. तिसरीला नुसता चारा.

"तिसरी कशाला उपाशी?" भगतानं विचारलं.

"उपाशी कुठाय, चारा हाय की. पण मुळी न खाता दूध आपसूक वाढतं का, ते तिच्यावाचून कसं कळंल?"

धारा काढायच्या त्या भगतानंच, ठकूनं नाही, असं ठरलं. कुठल्या शेळीला काय दिलं ते ठकूनं त्याला सांगितलं नाही. रोज सकाळी गाव गोळा व्हायचं. भगत एकाच मडक्यानं मापायचा. तिसरीचं दूध होतं तेवढंच राहिलं. बाकी दोघींचं वाढत गेलं, आणि भगताला शेवटपर्यंत कळेना, की रानातली मुळी कुणी खाल्ली आणि वाफ्यातली कुणी. शेवटी ठकूनं सांगितलं तेव्हा तो वाफ्यातली मुळी खाल्लेल्या शेळीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "रानाई बांधात आली." आणि पुढच्या पंचमीला देवीचा नारळ त्यानं वाफ्याच्या दगडावर फोडला.

पण खरी परीक्षा शेळीची नव्हती. त्या हिवाळ्यात चांगुणा पुन्हा बाळंत झाली. इतक्या वर्षांनी. मुलगा झाला, पण बाळंतपणात तिला ताप भरला आणि दूध आलं नाही. शेळीचं दूध पाजलं तर ते बाळाच्या पोटात ठरेना, पाजलं की उलटून यायचं. सटवाच्या घरापुढं गाव जमलं. प्रत्येकाच्या मनात तीच पहिली मुलगी होती.

ठकू टोपली घेऊन शेतात गेली. वेलीची एक बाजू मोकळी केली. आता मुळ्या अंगठ्याएवढ्या झाल्या होत्या. टोपली भरून ती परत आली आणि चांगुणाच्या समोर ठेवली. चांगुणानं तापलेल्या हातानं एक मुळी उचलली, गालाला लावली, आणि ढसाढसा रडली.

पहिल्या दिवशी दूध आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ठकू तिच्या उशाशी बसून होती. ताप उतरवायचा काढा देत होती, मुळ्यांचं पाणी देत होती, आणि कापसाची वात शेळीच्या पातळ दुधात भिजवून बाळाच्या ओठांवर थेंब थेंब सोडत होती. बाळाचा आवाज क्षीण होत चालला. चांगुणा म्हणाली, "मावशी, न्हाई यायचं."

ठकू म्हणाली, "तुझं आंग तापातनं उठतंय. त्याला वेळ दे. मी कुठं जात न्हाई."

आणि दूध आलं. आधी ओल आली, मग थेंब, मग बाळाला गिळवेना इतकं. असं म्हणतात, की चांगुणाचं दूध पदरातून, ओटीवरून, अंगणातून वाहत गेलं आणि त्या वर्षी सटवाच्या अंगणातली तुळस पांढरी फुलली. ते बाळ मोठं होऊन इतकं धिप्पाड झालं, म्हणे, की रुतलेली गाडी बैलांसकट उचलून बाहेर काढायचं.

त्यानंतर डोंगरावर कुणी पहार नेली नाही. व्यापारी मीठ घेऊन येत राहिला, आणि मुळ्या वाफ्यांतून निघत राहिल्या, अर्ध्या काढायच्या, अर्ध्या ठेवायच्या. ठकूनं रोपं दिली नाहीत असं आसपास एक गाव उरलं नाही. देताना ती एकच अट घालायची, की माझं ऐकून लावू नका, तुमच्या मातीत लावून बघा आणि काय झालं ते मला येऊन सांगा. लोक सांगायला यायचे. पुढं तिनं वाळा लावला, वेखंड लावलं, सर्पगंधा लावली. काही आली. काही शेवटपर्यंत आली नाहीत.

लुमा गेला, आणि ठकू खूप म्हातारी झाली. मग ती रोज रोपांची टोपली घेऊन डोंगरावर जायला लागली. जिथं जिथं जुना खड्डा होता तिथं एक रोप लावायची आणि खड्डा बुजवायची. असं म्हणतात, की शेवटचा खड्डा बुजवला त्या दिवशी ती खाली आलीच नाही. गाव शोधायला गेलं. कड्याच्या टोकाशी टोपली सापडली. शेजारी एक वेल होती, जिथं काल वेल नव्हती, आणि अवेळी, भर वैशाखात, ती फुलली होती.

घोणशेतात आता रस्ता आहे, शाळा आहे, घरोघरी नळ आहे. पण प्रत्येक घराच्या परड्यात एक वाफा राखून ठेवतात. त्याला ठकूचा वाफा म्हणतात. त्यात नेहमीचं काही लावायचं नाही. जे गावात अजून कुणी उगवून पाहिलं नाही, तेच लावायचं. कार्तिकात, शतावरी फुलते तेव्हा, सगळं गाव घरोघर फिरून एकमेकांचे वाफे बघतं, आणि त्याची एक रीत आहे. ज्याचा वाफा उगवला नाही, त्याच्या घरी आधी जायचं.

गेल्या वर्षी पहिला मान लांघ्यांच्या नव्या सुनेला मिळाला. तिनं माहेराहून आणलेलं बी लावलं होतं, आणि वाफ्यात नुसती माती होती. बिचारी पदर तोंडाला लावून दाराआड उभी. गावातली सगळ्यात थोरली म्हातारी वाफ्याच्या दगडावर जाऊन बसली, शेजारची जागा हातानं झाडली आणि तिला म्हणाली, "ये गं, बस. काय काय केलंस, ते पहिल्यापासून सांग."

सूनबाई बसली आणि सांगायला लागली, आणि सगळं गाव भोवती बसून ऐकायला लागलं.